आता तू नाही आलीस तरी चालेल

मंगलाष्टकं सुरू व्हायला दोन मिनिटं असतील नसतील, तेवढ्यात कुणीतरी संतोषच्या डाव्या तळहातावर अक्षता ठेवल्या. डोळा कॅमेऱ्याला लावून त्याने हात मागे केला होता आणि त्या हाताला हवी होती दीड किलोची लांब लेन्स. पडले चिमूटभर केशरी तांदूळ. त्याने दचकून वळून पाहिलं, तर परकर-पोलक्यातली एक मुलगी ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेलीसुद्धा होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. लग्नात कुणी हात पसरून उभा राहिला तर त्याला अक्षता हव्या असणार, असंच कुणीही समजेल. खरं म्हणजे संतोषला लेन्स मागायची गरजच नव्हती. नव्या कॅमेऱ्यावर एकच लेन्स होती. जवळचं, लांबचं, रुंद, अरुंद सगळं तिच्यातच होत होतं. पाच महिने झाले होते. तरी नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी राहिली की त्याचा हात आपोआप मागे जायचा. आतापर्यंत तो रिकामाच परत यायचा आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आज त्या हातात काहीतरी पडलं आणि संतोषला एकदम रडू येईल असं वाटलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, हडपसरच्या लॉनवर, दीड हजार पाहुण्यांसमोर. त्याने अक्षता घाईघाईने पँटच्या खिशात कोंबल्या आणि पहिलं ‘सावधान’ त्याच्या हातून निसटलं.

बाकीची सावधानं त्याने व्यवस्थित टिपली. नवा कॅमेरा चुकू देतच नव्हता. माणसाचा चेहरा समोर आला की त्याच्या डोळ्यावर एक हिरवी चौकट येऊन बसायची आणि तो माणूस हलला तरी चौकट डोळा सोडायची नाही. आवाज नाही, खटका नाही. पूर्वी भटजी वैतागायचे, आता त्यांना फोटो निघाल्याचं कळतसुद्धा नव्हतं. संतोष टिपत होता आणि त्याला आठवत होता बायकोचा, दीपमालेचा हात. तो हात त्याने कधी नीट पाहिला नव्हता, कारण तो नेहमी पाठीमागे असायचा. जुनी लेन्स काढून मागे केली की ती अलगद घेतली जायची आणि त्याच क्षणी दुसरी तळव्यावर यायची, मागचं झाकण काढलेली, जोडायच्या खुणेचा पांढरा ठिपका बरोबर अंगठ्याखाली. मान वळवावी लागत नसे. कोणती हवी तेही सांगावं लागत नसे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तो सांगायचा. नंतर कधी सांगणं थांबलं ते त्याला आठवेना.

पाच लेन्स होत्या आणि पाचांनाही तिने नावं ठेवली होती. दीड किलोची ती थोरली. घरभर माणसं मावणारी ती पसरट. अंगठ्या आणि मेंदीसाठीची ती अंगठीवाली. पन्नास मिलिमीटरची तेवढी नुसती पन्नास, कारण ती सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त कामाची. आणि अकोल्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून आणलेली पंच्याऐंशीची, ती अकोलेवाली. त्यांच्या वाशीमकडे सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात, तशी. संतोषने पुण्यात आल्यावर सहा महिन्यांत आपली बोली पुसून टाकली होती. गिऱ्हाइकांशी तो ‘आपण’, ‘कृपया’ असं बोलायचा. दीपमालेने तसलं काही केलं नाही. सदाशिव पेठेत बावीस वर्षं राहूनही ती भाजीवालीला ‘काहून’ विचारायची आणि भाजीवाली हसली की स्वतःही हसायची. संतोषला पूर्वी त्याची लाज वाटायची. लग्नघरी जाताना तो तिला सांगायचा, की तू फार बोलू नकोस. ही गोष्ट त्याला हल्ली रोज एकदा तरी आठवायची आणि आठवली की तो कुठलं तरी काम काढून बसायचा.

नवा कॅमेरा घ्यायचं ठरलं ते गिऱ्हाइकांमुळे. आयटीतली मुलं फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायची, की काका, तुमचा सेटअप मिररलेस आहे ना? त्यांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे. पण नाही म्हटलं की फोन परत येत नसे. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर डोळ्याकडे पाठवतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, फोटो निघतो आणि तेवढ्या क्षणापुरता काढणाऱ्याच्या डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो, नेमका तो क्षण फोटोग्राफरला दिसलेलाच नसतो. पंचवीस वर्षं हा धंदा करून संतोषने यावर कधी विचार केला नव्हता. विचार करायची वेळच आली नव्हती, कारण पाठीमागून हळूच आवाज यायचा. “डोळे मिटले नवरीनं, अजून एक घ्या.” किंवा नुसतं, “आलं.” ते ‘आलं’ ऐकलं की तो निर्धास्त पुढे सरकायचा. नव्या कॅमेऱ्यात आरसा नाही, म्हणून अंधारही नाही. सगळं सतत दिसत राहतं. दुकानातून आणला त्या संध्याकाळी त्याने खिडकीत उभं राहून समोरच्या क्लासमधून सुटणाऱ्या पोरांचे पन्नास फोटो काढले आणि दीपमालेला म्हणाला, “बघ, आता हा कॅमेराच दाखवतो सगळं. कुणी सांगायला नको.” ती बघायला आली. चांगलं आहे म्हणाली.

लेन्स ठेवायच्याच असं आधी ठरलं होतं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसावी म्हणून मध्ये एक कडं लावायचं, अडॅप्टर. तेही त्याने आणलं. चार लेन्स त्यावर बऱ्या चालल्या, पण कॅमेरा पुढून जड व्हायचा आणि मनगट दुखायचं. अकोलेवाली तर रुसलीच. तिला फोकस करायची मोटर जुन्या कॅमेऱ्यात होती. नव्यात नव्हती. आता तिचं फोकसचं कडं हाताने फिरवायचं, डोळ्याने अंदाज घ्यायचा. तरुणपणी त्याने हेच केलं होतं. आता चष्म्याचा नंबर वाढलेला आणि सवय मोडलेली. एका साखरपुड्यात अकोलेवालीचे निम्मे फोटो पुसट आले आणि घरी आल्यावर तो चिडून म्हणाला, की देऊन टाकू सगळ्या आणि एकच नवी घेऊ. दीपमाला तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, “पाचही?” तो म्हणाला, “पाचही. दोन-दोन संसार कोण सांभाळणार? आणि आता तू नाही आलीस तरी चालेल. सहा-सहा तास उभं राहून तुझे गुडघे गेलेत. घरी आराम कर.”

त्याला खरोखरच वाटलं होतं की आपण तिला सुट्टी देतोय. बोलताना त्याचा आवाजसुद्धा मऊ होता. ती घडी घालता घालता थांबली, मग म्हणाली, “बरं.” आणि त्या ‘बरं’मध्ये त्याला आनंद ऐकू आला. आपल्याला जे ऐकायचं असतं ते माणूस कशातही ऐकतो. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीहून आला तेव्हा पाचही लेन्स टेबलावर मांडलेल्या होत्या. पुसलेल्या, दोन्ही बाजूंची झाकणं लावलेली, प्रत्येकीजवळ ओल शोषणारी ताजी पुडी. त्या विकत घेणारा दुकानदार पेठेतलाच, शब्द मोजून वापरणारा. त्याने एकेक लेन्स उचलून टॉर्च मारून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “एवढ्या जुन्या लेन्स, आणि बुरशीचा एक ठिपका नाही. कोण सांभाळतं?” संतोष म्हणाला, “मीच.” दुकानदाराने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “वाटत नाही.” तेव्हा संतोष हसला होता. पुणेरी खवटपणा म्हणून घरी येऊन त्याने हा किस्सा दीपमालेलाही सांगितला, स्वतःच्या उत्तरासकट. तीही हसली होती, बहुतेक. नक्की आठवत नव्हतं.

हडपसरच्या लग्नाचे फोटो देऊन आठवडा झाला आणि नवरीचा फोन आला. ऋतुजा नाव तिचं. शेती गेलेल्या, जागेवर इमारती उभ्या राहिलेल्या घरातली, स्वतः कुठल्या तरी कंपनीत नोकरीला. “काका, फोटो एकदम सुपर आलेत. क्वालिटी तर विचारूच नका. फक्त एक विचारायचं होतं. आत्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत का?” संतोषने विचारलं, “कोणती आत्या?” ऋतुजा म्हणाली, “मुक्ताई आत्या. मी तिच्याकडेच वाढले ना. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून. स्टेजवर नव्हती ती. नवरा नाही ना तिला, मग आमच्याकडे अजून ते सगळं... मी म्हणत होते चल, ती आलीच नाही. पण असेल ना कुठे तरी? खांबापाशी उभी होती. मला दिसत होती.” संतोष म्हणाला, “बघतो. असणार. बघून पाठवतो.”

तीन हजार चारशे फोटो होते. तो दुपारी बसला आणि एकेक बघत गेला. काय फोटो होते! प्रत्येक पापणी वेगळी मोजता यावी. नवऱ्याच्या मामाचा डोळा, मामाच्या मित्राचा डोळा, वाढप्याचा डोळा, आमदारकीला उभं राहू पाहणाऱ्या कुणाचा डोळा, सगळे धारदार. हिरव्या चौकटीला समोरचा प्रत्येक माणूस सारखाच होता. खांब सापडला. खांबाच्या कडेने एका फोटोत फिकट लुगड्याचा काठ आणि एक कोपर सापडलं. कोपरावर जुनं गोंदण. त्याने ते मोठं करून पाहिलं, अजून मोठं केलं. कॅमेरा इतका चांगला होता की गोंदणातला तुळशीचा कट्टासुद्धा दिसत होता. चेहरा मात्र तीन हजार चारशेत कुठेच नव्हता. तो कॉम्प्युटरसमोर बसून राहिला आणि त्याला आपली शरम वाटली. ऋतुजा त्या बाईकडे बघत असलेले तेरा फोटो त्याने काढले होते. नजर कुठे जातेय एवढं वळून बघितलं नव्हतं.

दीपमाला बरोबर असती तर असं झालं नसतं, हे त्याला कळायला फोनची गरज नव्हती. सकाळी लग्नघरी पोचल्यावर संतोष दिवे आणि स्टँड लावायचा तेव्हा ती बायकांच्या खोलीत शिरायची. तिथे कुणाच्या साडीला पिन लाव, कुणाचा गजरा धर, असं करता करता ती एक प्रश्न विचारून घ्यायची: पोरगी कोणी वाढवली? आईच वाढवते सगळ्यांना, असं उत्तर तिला पुरत नसे. कुठे आजी असायची, कुठे मावशी, एकदा तर शेजारच्या घरातल्या बोहरी काकू होत्या. कपाळावर हळदकुंकू घेऊन ती बाहेर यायची आणि संतोषच्या पाठीमागे उभी राहायची. मग भर लग्नात, सगळे स्टेजकडे बघत असताना, तिच्याकडून अचानक थोरली यायची. थोरली आली म्हणजे लांब बघायचं आहे. कानाशी आवाज यायचा, “डाव्या हाताला, दाराजवळ, चष्मेवाली.” तो वळायचा, बटण दाबायचा, अंधार व्हायचा, आणि “आलं.” त्या फोटोंवर तर त्याचं नाव झालं होतं. लोक म्हणायचे, संतोषरावांना माणूस कळतो. तो मान तुकवून घ्यायचा. वीस वर्षं त्याने ती मान तुकवली, आणि आज कोपर बघत बसल्यावर त्याला वाटलं की आपण एका बाईचे डोळे वापरले आणि लेन्सबरोबर तेही दुकानात ठेवून आलो.

तिला आत्ता जाऊन सांगावं असं त्याला वाटलं. आत्ता, या मिनिटाला, ती घरी यायची वाटसुद्धा न बघता. दोन गल्ल्या सोडून एका दातांच्या दवाखान्यात ती तीन महिन्यांपासून कामाला जात होती. घरी बसून करायचं काय, म्हणाली होती. संतोषला वाटलं, जाते तेवढाच वेळ जातो तिचा. तो तिथे एकदाही गेला नव्हता. दाराशी पाटी होती: ‘चपला ओळीत काढाव्यात. ओळ कोठून सुरू होते हे आत विचारू नये.’ त्याने चपला ओळीत काढल्या आणि बाकावर बसला. आतलं दार अर्धं उघडं होतं. खुर्चीवर एक जाडसर गृहस्थ तोंड उघडून पडले होते, त्यांच्यावर डॉक्टरीणबाई वाकलेल्या होत्या, आणि पलीकडे हिरवा एप्रन आणि तोंडाला फडकं लावलेली दीपमाला उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नजर न काढता पुढचं हत्यार घ्यायला हात बाजूला केला. संतोषने मान फिरवली. त्याला ते बघायचं नव्हतं. आपल्या बायकोला परक्या माणसाबरोबर बघावं तसं त्याच्या छातीत झालं आणि या वयात असलं काही वाटावं याचंही त्याला वाईट वाटलं.

मग तिचा आवाज आला. “मॅडम, थांबा जरा. दुखून राहिलं त्यांना.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, दुखतंय का?” तोंडात नळी असलेल्या काकांनी नाही नाही असं काहीतरी केलं. दीपमाला म्हणाली, “ते नाहीच म्हणतीन. पाय बघा त्यांचे.” संतोषनेही पाहिलं. काकांच्या पायांची बोटं मोज्याच्या आत घट्ट आवळलेली होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं आणि आणखी एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्या हात पुसत बाहेर आल्या. तिशीतली मुलगी, राजनंदिनी नावाची. “तुम्ही ताईंचे मिस्टर ना? अहो, ताई म्हणजे ब्रिलियंट आहेत. दोन ट्रेंड मुली होत्या माझ्याकडे आधी, पण हे असं नाही जमायचं कुणाला. तुम्ही पाठवलंत म्हणून, नाहीतर कुठे मिळालं असतं मला असं माणूस! खरंच थँक यू.” संतोष उभा राहिला. मी पाठवलं नाही असं म्हणावं, तर मग काय केलं तेही सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, “नाही नाही, त्यात काय.”

घरी जाताना दोघं बरोबर चालले. गल्लीत स्कूटरींमुळे एकामागे एकच चालता येत होतं. ती पुढे होती आणि तो मागे. त्याने तिच्या पाठीला सगळं सांगितलं. फोन, आत्या, खांब, गोंदण. ती चौकात थांबली. “तुमी विचारलं नाही का, पोरगी कोणी वाढवली म्हणून?” तो म्हणाला, “कुणाला विचारणार? बायकांच्या खोलीत मी कसा जाऊ?” ती म्हणाली, “हो, ते बी खरं.” आणि तिला त्या न बघितलेल्या बाईचं मनापासून वाईट वाटलेलं तिच्या तोंडावर दिसलं. संतोषला त्यातला थोडासा भाग आपल्यासाठी हवा होता. त्याने धीर केला. “पुढच्या लग्नापासून तू ये.” एक रिक्षा गेली. ती म्हणाली, “येऊन काय करू? आता लेन्स कुठं आहेत द्यायले?” “नुसतं बघायचं. आणि मला सांगायचं.” ती हसली, त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. “तुमचा कॅमेरा दाखवतो ना सगळं. मले कशाला उभं करता?” आपलंच वाक्य होतं ते. चुकलं माझं, एवढे दोन शब्द त्याच्या ओठापर्यंत आले. पण पेठेच्या चौकात, संध्याकाळी साडेसहाला, बायकोची माफी कशी मागतात ते त्याला माहीत नव्हतं. घरी गेल्यावर म्हणू, असं त्याने ठरवलं.

घरी गेल्यावर तिने आधी पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि पर्समधून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. दवाखान्यात तिला पक्कं करणार होते. फॉर्मवर तिने नाव, पत्ता लिहिलेला होता आणि फोटोच्या चौकटीची जागा रिकामी होती. संतोषला एकदम सुचलं. तो उठला, बॅगेची चेन उघडली आणि म्हणाला, “बस इथे खिडकीशी. उजेड आहे अजून. फोटो काढतो तुझा.” आवाजात त्याला स्वतःलाच अधीरपणा ऐकू आला. एवढ्या वर्षांत ती सदैव त्याच्या पाठीमागे होती. तिला समोर बसवून कॅमेऱ्यातून बघायची वेळ आज येणार होती, आणि तिच्याकडे बघत बघत, डोळा कॅमेऱ्याला लावलेला असला की, ते दोन शब्दही म्हणता येतील असं त्याला वाटलं.

“काढला ना मी,” ती म्हणाली. “सकाळीच. टिळक रोडला एक स्टुडिओ आहे, जाता जाता काढला. दोन मिनिटं लागले.” तिने पर्समधून पांढरं चिमुकलं पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं. संतोषने पाकीट हातात घेतलं. तो म्हणाला, “घरात फोटोग्राफर असताना?” ती अगदी सहज म्हणाली, “एवढ्याशा फोटोसाठी तुमचा एवढा मोठा कॅमेरा काहून काढायचा? त्या पोराकडं जुनाच होता, खटका वाजणारा. पन्नासची आहे का म्हटलं, तर होती. म्हटलं, तीच लाव.”

त्याने पाकिटातून फोटो काढले. चार होते, एका पट्टीत. सवयीने त्याने आधी दोष शोधले. मागे भिंतीवर सावली पडली होती. डावा कान केसांत गेला होता. उजेड सपाट होता. मग दोष संपले आणि त्याला चेहरा बघावाच लागला. ती सरळ समोर बघत होती. हनुवटी किंचित वर, ओठ मिटलेले, आणि समोरचा काय करतोय हे आपल्याला पूर्ण ठाऊक आहे अशी शांत, थोडी गमतीची नजर. कुणालाही भरवसा वाटावा असा चेहरा होता तो. टिळक रोडवरच्या कुठल्या तरी पोराला तो दोन मिनिटांत मिळाला होता.

“चांगला आलाय,” तो म्हणाला. “यातला एक मला देशील?”

दीपमालेने पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि बोटाने मोजली. “एक फॉर्मले, एक कार्डाले, एक मॅडमच्या फाइलीत,” ती म्हणाली. “चौथा बहुतेक बँकेत लागते. उद्या विचारते. उरला तर देईन तुमाले.” आणि तिने पट्टी परत पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये ठेवून चेन लावली आणि कुकर लावायला आत गेली.